डार्क रोमान्सची मालिका कोणाला, कोणती आणि कशी सुचवावी

पंचवटी एक्सप्रेसने इगतपुरी सोडली की कसारा घाटातल्या बोगद्यांमध्ये मोबाइलचे नेटवर्क येते-जाते, रील्स अडकतात आणि मग पासधारक बायकांच्या पर्समधून पुस्तके बाहेर निघतात. शाळेच्या वह्यांना घालतात तसे जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर घातलेले पुस्तक दिसले की ते बहुधा डार्क रोमान्सचे असते, हे आम्हा नेहमीच्या प्रवाशांना आता न उघडताच कळते. नाशिक रोडहून मुंबईला मी गेली काही वर्षे आठवड्यातून तीनदा जाते. "ताई, ह्याच्यासारखं अजून काही आहे का?" हा प्रश्न मला त्या प्रवासात इतक्या वेळा विचारला गेला आहे, की उत्तर देण्याची एक पद्धत हळूहळू बसत गेली. ज्यांनी स्वतः या प्रकारातल्या चार-पाच मालिका वाचल्या आहेत आणि ज्यांच्याकडे आता मैत्रिणी, सहकारी किंवा वाचनगटातल्या नव्या सभासद सल्ला मागू लागल्या आहेत, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे पायरीपायरीने मांडते आहे. तिचा गाभा असा, की आपल्याला आवडलेल्या पुस्तकापासून सुरुवात न करता समोरच्या वाचणारीला काय सोसवत नाही तिथपासून सुरुवात करावी.

आधी प्रकार नीट ओळखावा

ज्या प्रेमकथेत नायक, किंवा नायक-नायिकेतले नातेच, चुकीच्या बाजूला उभे असते आणि तरीही लेखिका आपल्याला त्या नात्याच्या यशाची आस लावते, तिला ढोबळमानाने डार्क रोमान्स म्हणतात. अपहरण, पाठलाग, माफिया, सूड, बळजबरी यांपैकी काही ना काही त्यात कथेच्या मुळाशीच असते. खून आणि मारामारी असलेली प्रत्येक प्रेमकथा या प्रकारात मोडत नाही. थ्रिलरमध्ये गुन्ह्याचा उलगडा महत्त्वाचा असतो, तर इथे गुन्हा करणाऱ्यावरच नायिकेचा जीव जडतो आणि शेवटी बहुतेक वेळा दोघे एकत्र असतात. त्याचे दोष पूर्णपणे धुऊन निघतीलच असे नाही, आणि सरावलेल्या वाचकांची तशी अपेक्षाही नसते. अशा नायकाला त्या 'मॉरली ग्रे' म्हणतात, आणि हा शब्द आता नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कॅफेत मराठी वाक्यात सहज मिसळून ऐकू येतो.

या प्रकाराची मुळे जुनी आहेत. ब्राँटे भगिनींच्या 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' या दोन्ही कादंबऱ्या १८४७ सालच्या, आणि त्यांतले नायक आजच्या कुठल्याही डार्क रोमान्सच्या नायकाचे आजोबा शोभतील असे आहेत. १९७२ मध्ये कॅथलीन वुडिविस यांच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'ने बळजबरी आणि प्रेम यांची गुंतागुंत थेट बाजारपेठेत आणली, आणि २०११ मध्ये 'फिफ्टी शेड्स'ने ती घराघरांत पोचवली. हे सगळे बाहेरून आलेले खूळ आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्यांना आपल्याकडची एक गोष्ट जरूर सांगावी. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निकाल दिला. उशीखाली लपवून वाचण्याची मराठी परंपरा आपल्या आईच्या पिढीइतकी तरी जुनी आहेच.

आजची लाट मात्र रील्समधून आली. जगभर ती टिकटॉकवरून पसरली. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्याने आपल्याकडे तीच पुस्तके इन्स्टाग्रामवरून पोचली. तीस सेकंदांच्या रीलमध्ये एक मुखवटा, एक गुलाब आणि एक चटकदार संवाद दिसतो. पुस्तकाच्या पोटात काय आहे हे कळायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि म्हणून सुचवणारीचे काम वाढते.

पहिली पायरी: पुस्तकाचे नाव घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले 'सावाना', १८४० सालचे आहे. वाचनालयांमधल्या देवघेवीच्या काउंटरवर बसणारी जुनी माणसे काय करीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही पायरी वेगळी शिकवावी लागत नाही. परत आलेले पुस्तक हातात घेऊन ती माणसे आधी विचारीत, "हे कसं वाटलं?" आणि उत्तर ऐकूनच मागच्या कपाटाकडे वळत. आपणही तेच करायचे आहे.

पहिला प्रश्न शेवटच्या आवडलेल्या पुस्तकाचा, आणि त्यातले नेमके काय आवडले याचा. नायकाची मालकी गाजवण्याची वृत्ती आवडली, दोघांची चढाओढ आवडली की नुसते उत्कट प्रेम आवडले, यावर पुढची निवड सगळी बदलते. दुसरा प्रश्न अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नापेक्षा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळते, कारण आवडलेल्या पुस्तकाबद्दल आपण सगळ्याच मोघम बोलतो, पण जिथे पुस्तक मिटले ती जागा प्रत्येकीला नेमकी आठवते. तिसरा प्रश्न, कुठल्याही परिस्थितीत काय नको. चौथा वयाचा, आणि तो वरवर अवघड वाटला तरी टाळू नये.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे अनेकदा चकित करतात. सिडकोतून येणारी, बँकेत नव्याने लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "डार्क हवं, पण फार नको." फार म्हणजे काय, असे विचारल्यावर तिने थोडा विचार करून सांगितले, "मारलं-बिरलं चालेल ताई, पण बाईला कोंडून ठेवलेलं नाही वाचवत." हे उत्तम उत्तर आहे, कारण त्यातून एका दमात निम्मी यादी गळते आणि माफियाच्या मालिका मात्र शिल्लक राहतात. त्याच डब्यातल्या, निवृत्तीला आलेल्या एक काकू तर याहूनही स्पष्ट निघाल्या. "खून कितीही होऊ देत," त्या म्हणाल्या, "पण सवत नको." तेव्हापासून नायकाच्या आयुष्यात दुसरी बाई आहे का, हा मुद्दा मी न विचारता आधीच सांगून टाकते.

हे प्रश्न न विचारल्यामुळे झालेली एक चूक अजून मला टोचते. 'कॅट अँड माऊस' या मालिकेचा पहिला भाग मी एका सहकारी मैत्रिणीला "एकदम खिळवून ठेवतो" एवढेच सांगून दिला. त्या कादंबरीचा सगळा डोलारा नायिकेच्या मागावर असलेल्या पुरुषावर उभा आहे. दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून परत आले, आणि बऱ्याच दिवसांनी तिने सांगितले की कॉलेजात असताना एक जण कित्येक महिने रोज तिच्या मागे गंगापूर रोडपर्यंत येत असे. पुस्तकाचा काही दोष नव्हता. "नको असलेलं काही आहे का गं?" एवढे विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते.

वयाचे म्हणाल तर माझा नियम सरळ आहे: अठरा पूर्ण नसतील तर यातले काहीही द्यायचे नाही. अकरावी-बारावीच्या मुली मोठ्या आत्मविश्वासाने येतात, आणि अलीकडच्या आवृत्त्यांची फुलाफुलांची निरागस मुखपृष्ठे पाहून त्यांच्या आयांनाही शंका येत नाही. त्यांना भयकथा किंवा साधी प्रेमकथा द्यावी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी अंधार लिहून ठेवलाच आहे, आणि तो त्या वयात पुरेसा दचकवतो.

अजून एक प्रसंग क्वचित येतो, पण आला तर गडबडून जाऊ नये. बोलता बोलता एखादी बाई "आमच्याकडे पण असंच चालतं" असे म्हणून गेली आणि ते थट्टेतले नाही असे जाणवले, तर पुस्तकाचा विषय तिथेच बाजूला ठेवावा, तिचे ऐकून घ्यावे आणि महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक तिला द्यावा.

दुसरी पायरी: अंधाराच्या छटा माहीत असाव्यात

'डार्क' हा एकच शब्द इतक्या वेगवेगळ्या पुस्तकांवर चिकटवलेला असतो, की त्याच्या भरवशावर पुस्तक देणे म्हणजे नुसते 'तिखट' म्हणून मिसळ मागवण्यासारखे आहे. कुठली मिसळ, हे नाशिककराला विचारावेच लागते. मी पुढे फिक्या छटेकडून गडद छटेकडे जाते.

सगळ्यात फिक्या टोकाला ॲना हुआंग यांची 'ट्विस्टेड' मालिका आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये तिचे चार भाग आले: 'ट्विस्टेड लव्ह', 'ट्विस्टेड गेम्स', 'ट्विस्टेड हेट' आणि 'ट्विस्टेड लाइज'. चार मैत्रिणी आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक कादंबरी, अशी तिची रचना आहे. पहिल्या भागात भावाचा मित्र आणि त्याच्या मनातला सूड, दुसऱ्यात राजकन्या आणि तिचा अंगरक्षक, असे ओळखीचे साचे लेखिकेने वापरले आहेत. भाषा सोपी, प्रकरणे छोटी. मुरलेल्या वाचक तिला डार्क म्हणायलाच तयार नसतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही, पण म्हणूनच पहिल्यांदा वाचणारीच्या हातात ती निर्धास्त देता येते.

त्यानंतर माफियाच्या मालिका. कोरा रायली यांच्या 'बॉर्न इन ब्लड माफिया क्रॉनिकल्स'चा पहिला भाग 'बाउंड बाय ऑनर' २०१४चा. न्यूयॉर्क आणि शिकागो इथल्या दोन टोळ्यांमध्ये सलोखा राहावा म्हणून मुलगी दिली जाते आणि प्रेम लग्नानंतर उगवते. बघण्याचे कार्यक्रम, याद्या आणि मानपान यांत वाढलेल्या आपल्या वाचकांना यातला ताण समजावून सांगावा लागत नाही. सासर नवे आणि नवरा अनोळखी, ही भीती त्यांच्या ओळखीचीच असते, फक्त इथे सासऱ्याच्या खिशात पिस्तूल असते. डॅनिएल लोरी यांची 'मेड' ही तीन भागांची मालिका, २०१८ ते २०२० या काळातली, त्याच जगातली पण जास्त खुसखुशीत आहे. तिच्या पहिल्या भागात, 'द स्वीटेस्ट ऑब्लिव्हियन'मध्ये, बहिणीसाठी ठरलेल्या स्थळाकडेच नायिकेचे मन ओढले जाते. एवढे एक वाक्य सांगितले की मराठी वाचक पुस्तक हातातून ओढून घेतात. त्या बँकेतल्या मुलीला मी हाच पहिला भाग दिला होता.

मधल्या छटेत पेनेलोपी डग्लस यांची 'डेव्हिल्स नाइट' येते. 'करप्ट' २०१५, 'हाइडअवे' २०१७, 'किल स्विच' २०१९ आणि 'नाइटफॉल' २०२० या चार मुख्य कादंबऱ्यांत श्रीमंत घरांतले चार मित्र, त्यांचे मुखवटे आणि त्यांनी एकमेकांसाठी व इतरांविरुद्ध केलेली कृत्ये आहेत. इथे नायक नायिकेला मुद्दाम घाबरवतो, छळतो, आणि संमतीची रेषा अनेक ठिकाणी पुसट होते. ज्यांना चढाओढ आवडते त्यांना ही मालिका झपाटून टाकते. ज्यांना शाळा-कॉलेजात छळ सोसावा लागला आहे, त्यांना ती देण्याआधी दोनदा विचार करावा.

ब्रिन वीव्हर यांची 'रुइनस लव्ह' मालिका या रांगेत कुठे बसवावी हा प्रश्नच आहे. २०२३च्या 'बुचर अँड ब्लॅकबर्ड'पासून सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या या तीन कादंबऱ्यांमध्ये केन आडनावाच्या तीन भावांच्या प्रेमकथा आहेत. पहिलीतले नायक-नायिका दोघेही खुनी आहेत, फक्त ते इतर खुन्यांनाच मारतात आणि त्याचीही दरवर्षी शर्यत लावतात. प्रेमातली बळजबरी इथे जवळपास नाही, पण रक्त, हाडे आणि खाण्याच्या पदार्थांशी जोडलेली किळसवाणी वर्णने भरपूर आहेत, आणि ती सगळी विनोदाच्या अंगाने येतात. म्हणजे नात्यापुरती ही मालिका फिकी आणि पोटापुरती फार गडद. माणसे कशाला घाबरतात हे वेगवेगळे असते, ते या एका मालिकेवरून नव्या सुचवणारीला चांगले शिकता येते.

गडद टोकाला एच. डी. कार्लटन यांची 'कॅट अँड माऊस' आहे. तिचे 'हाँटिंग ॲडलाइन' आणि 'हंटिंग ॲडलाइन' हे भाग अनुक्रमे २०२१ आणि २०२२चे. पाठलाग, बळजबरी आणि मानवी तस्करी हे तिचे विषय आहेत, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा जड आहे. नायक तस्करांचा कर्दनकाळ असल्यामुळे त्याच्या इतर कृत्यांवर पांघरूण पडते, असा आक्षेप वाचकांमध्येच घेतला जातो. मलाही तो पटतो, तरी दुसरा भाग मी एका रात्रीत संपवला होता हे कबूल केले पाहिजे. त्याही पलीकडे सी. जे. रॉबर्ट्स यांची 'डार्क ड्युएट' आहे, जिची सुरुवात २०११च्या 'कॅप्टिव्ह इन द डार्क'ने झाली. अपहरण केलेली मुलगी आणि तिला विकण्यासाठी तयार करणारा माणूस यांच्या या कथेत सुटकेचा श्वास फार उशिरा मिळतो. ही मालिका आपण होऊन कोणालाही सुचवू नये. कोणी नाव घेऊन मागितली आणि आतला मजकूर तिला ठाऊक असेल, तरच ती द्यावी.

तिसरी पायरी: मालिकेची बांधणी आणि वाचण्याचा क्रम सांगावा

एकटी कादंबरी सुचवणे आणि मालिका सुचवणे यांत मोठा फरक आहे, कारण मालिका म्हणजे वाचणारीचे दोन-तीन महिने आणि बऱ्यापैकी पैसे. म्हणून एकच जोडी अनेक भागांत पुढे जाते, की प्रत्येक भागात नवी जोडी येते, हे आधी सांगावे. 'ट्विस्टेड' दुसऱ्या प्रकारची आहे. तिचा कुठलाही भाग एकटा वाचला तरी कथा पूर्ण होते, फक्त आधीच्या जोड्यांचे काय झाले हे उघडे पडते. 'कॅट अँड माऊस' पहिल्या प्रकारची. तिचा पहिला भाग ऐन कड्यावर आणून सोडतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री पहिला भाग संपवून दुसरा हाताशी नसणे ही शिक्षाच आहे. 'डेव्हिल्स नाइट'मध्ये जोड्या बदलतात, पण पूर्वी घडलेल्या एका रात्रीचे धागे सगळ्या भागांतून उलगडत जातात, म्हणून तिथे क्रम मोडू नये.

नावांवर फार विसंबू नये. 'ड्युएट' म्हणजे दोन भाग असा अर्थ असला तरी 'डार्क ड्युएट'ला 'एपिलॉग' नावाचा तिसरा भाग आहे. ०.५ किंवा ३.५ असा क्रमांक दिसला तर ती मुख्य भागांच्या आधी किंवा मधे बसणारी छोटी कादंबरी असते. 'किल स्विच' आणि 'नाइटफॉल' यांच्या मधली 'कॉन्क्लेव्ह' तशीच आहे. ती सोडली तर कथा तुटत नाही, पण शेवटच्या भागातले काही संदर्भ हुकतात.

पिढ्यांचा घोळ हा वेगळाच. रीना केंट यांच्या 'रॉयल एलिट' मालिकेतल्या पात्रांची मुले मोठी होऊन 'लेगसी ऑफ गॉड्स'मध्ये नायक-नायिका होतात. नव्या पिढीची मालिका रील्समुळे जास्त गाजली, म्हणून वाचक तिथूनच सुरुवात करतात आणि मग आई-वडिलांच्या गोष्टीचा शेवट त्यांना आधीच कळलेला असतो. चालते तसेही. मात्र ज्यांना शेवट आधी कळलेला अजिबात आवडत नाही, त्यांना जुन्या पिढीपासून सुरू करायला सांगावे आणि पुस्तकांची संख्या पाहून त्यांनी घाबरू नये म्हणून एका वेळी एकच नाव द्यावे.

चौथी पायरी: पुस्तकासोबत चिठ्ठी द्यावी

तोंडी सांगितलेले अर्धे विसरले जाते, म्हणून मी प्रत्येक पुस्तकात मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी ठेवते. ती पोस्टकार्डाच्या निम्मी असते आणि तिच्यावर तीनच गोष्टी असतात: मालिकेतले स्थान, शेवट कसा तुटतो, आणि आत काय आहे. 'ट्विस्टेड लव्ह'मधली माझी चिठ्ठी अशी आहे: "चारांतला पहिला. गोष्ट इथेच पूर्ण होते. लहानपणीचा आघात, घरातली हिंसा, अपहरणाचा प्रसंग, मोकळी शृंगारिक वर्णने." 'हाँटिंग ॲडलाइन'ची अशी: "दोनांतला पहिला, अर्ध्यावर तुटतो. पाठलाग, बळजबरी, मानवी तस्करी, त्यात मुलांचेही उल्लेख. दुसरा याहून जड."

या चिठ्ठीत 'काय आहे' एवढेच लिहावे. ते कोणाच्या बाबतीत आणि केव्हा घडते, हे लिहू नये. 'अपहरणाचा प्रसंग' या दोन शब्दांनी कथेचे काही बिघडत नाही, पण अपहरण कोण करतो हे सांगितले की शंभर पानांचा रस जातो. या प्रकारातल्या अनेक लेखिका पुस्तकाच्या सुरुवातीलाच अशी सूचना देतात. कार्लटन यांच्या पुस्तकात ती आहे, वीव्हर यांच्या पुस्तकात तर ती यादीही गमतीने लिहिलेली आहे. तरीही आपली चिठ्ठी लिहावीच, कारण सुरुवातीची पाने उलटून थेट पहिल्या प्रकरणावर जाण्याची सवय बहुतेकांना असते, आणि मराठीत लिहिलेली सूचना डोळ्यांना लगेच पकडते.

शृंगाराचे प्रमाण सांगताना लाजू नये आणि चघळूही नये. वाचक त्याला 'स्पाइस' म्हणतात आणि मिरच्यांच्या चित्रांनी मोजतात. मी नुसते "घरात मोठ्याने वाचण्यासारखे नाही" एवढे म्हणते आणि ते सगळ्यांना पुरते.

पाचवी पायरी: प्रत कुठून घ्यावी आणि इंग्रजी झेपेल का

या मालिका आपल्याकडे बहुतेक जणी इंग्रजीतूनच वाचतात, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या कित्येकींची ही पहिली पूर्ण वाचलेली इंग्रजी कादंबरी असते, याचे मला फार कौतुक वाटते. अशा वाचणारीला ई-पुस्तकाचा मोफत नमुना उतरवून आधी पहिली दहा पाने वाचून पाहायला सांगावे. ई-वाचकावर शब्दावर बोट दाबले की अर्थ दिसतो, ती सोयही दाखवावी. हुआंग यांची भाषा सगळ्यात सोपी, तर कार्लटन यांच्या वाक्यांत शिव्या आणि बोली जास्त. काही पुस्तके किंडल अनलिमिटेडसारख्या वर्गणीत असतात आणि काही काळाने नसतात, म्हणून विकत घेण्याआधी तिथे पाहून घ्यावे. आणि संपूर्ण संच एकदम कधीही घ्यायला लावू नये. पहिला भाग आधी, आवडला तर पुढचे.

पदपथावरच्या स्वस्त प्रतींबद्दल मात्र सावध करावे. एकदा मी तशी एक प्रत अर्ध्याहून कमी किमतीत घेतली आणि घरी येऊन पाहते तर पुस्तक थेट पहिल्या प्रकरणापासूनच सुरू होत होते. हक्कांचे पान, लेखिकेची सूचना, अर्पणपत्रिका, सगळे छापणाऱ्याने कागद वाचवण्यासाठी गाळले होते. पुढे एक सोळा पानांचा फर्मा दोनदा बांधलेला होता आणि त्याच्या जागी जायला हवा होता तो फर्मा नव्हताच. चोरून छापलेल्या प्रतीत लेखिकेचे पैसे बुडतात हे तर आहेच, पण या प्रकारात सूचनेचे पान गहाळ असणे हे जास्त महागात पडते. घेण्याआधी पहिली चार पाने उघडावीत, छपाई तिरकी आहे का पाहावी, आणि हक्कांचे पान नसेल तर पुस्तक खाली ठेवावे.

सहावी पायरी: पुस्तक दिल्यावर काम संपत नाही

पन्नासेक पाने झाली असतील अशा अंदाजाने एकदा विचारावे, आणि विचारताना "संपलं का?" असे न म्हणता "जमतंय का?" असे म्हणावे. पुस्तक मध्येच सोडण्याची मोकळीक आधीच दिलेली असली की बायका खरे सांगतात. ती नसेल तर "छान आहे, वाचतेय" असे सांगून पुस्तक तीन महिने उशाशी पडून राहते. सोडले तर कुठल्या पानाला सोडले ते विचारून घ्यावे, वाद घालू नये, आणि "पुढे तो सुधारतो गं" असे तर मुळीच म्हणू नये, कारण बऱ्याचदा तो सुधारत नाही.

मी यासाठी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. नाव न लिहिता नुसते आद्याक्षर, काय मागितले, काय दिले, कुठे थांबली आणि पुढे काय दिले, एवढ्या पाच रकान्यांची. एखादी मालिका फार आवडली म्हणून लगेच तशीच दुसरी दिली की तिसऱ्या पुस्तकाला कंटाळा येतो, हे त्या वहीतूनच माझ्या लक्षात आले. माफियानंतर एक हलकी किंवा अगदी वेगळी मालिका मध्ये घातली की पुन्हा माफियाकडे यायला मजा येते. 'सवत नको' म्हणणाऱ्या काकूंना मी माफियाच्या एका मालिकेनंतर, बरीच खात्री करून आणि रक्तामांसाबद्दल तीन वेळा बजावून, 'बुचर अँड ब्लॅकबर्ड' दिले होते.

चिठ्ठीच्या खालचा अर्धा भाग कोरा सोडावा, ही शेवटची सूचना मी त्यानंतर या पद्धतीत घातली. ते पुस्तक परत आले तेव्हा माझ्या अक्षराखाली काकूंनी निळ्या पेनाने, पुढच्या वाचणारीसाठी, दोन ओळी लिहिल्या होत्या: "दुसरी बाई नाही. जेवताना वाचू नये, मी डबा तसाच घरी परत नेला."